धुऱ्यावरचे अकरा खडे

ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यापुढे आहे, आणि ती विसरावी असं मला वाटतही नाही. म्हणून एका बैठकीत लिहून टाकतो. थांबलो की राहून जातं, माझं नेहमीचंच आहे.

एकोणिसाव्या वर्षी शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो आणि चाळिशीतच स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘रिटायर्ड’ म्हटलं की लोक आधी माझे केस पाहतात. असो. नाव कोणाचंच देणार नाही. राळेगावकडचं एक ठाणं होतं, एवढं पुरे.

सप्टेंबर महिना. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागलेली, वावरावावरात पाठीवर पंप घेतलेली माणसं. आदल्या संध्याकाळी चांगला दणकून पाऊस पडून गेलेला. ठाणेदार साहेब मीटिंगला यवतमाळला गेलेले, ठाण्याचा चार्ज माझ्याकडे. बारा-सव्वाबाराला फाट्यावरून फोन आला.

“साहेब, एका दारूड्यानं बाईले उडवलं! लवकर या, लोकं मारून राह्यले त्याले!”

मी आणि आमचे जमादार निघालो. जमादारांना सगळं ठाणं ‘चाचा’ म्हणायचं. दिग्रसचे, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली, गावी भावाबरोबर सात-आठ एकर पऱ्हाटी. माझ्यापेक्षा त्यांची नोकरी दहा वर्षं जास्त, पण मला ‘साहेब’ म्हणताना कधी अडखळले नाहीत.

फाट्यावर गर्दी. निंदणाच्या, म्हणजे खुरपणीच्या, बाया घरी परतत होत्या, मागून मोटरसायकल आली आणि शेवटच्या बाईला घेऊन नालीत गेली. पन्नाशीची बाई. तिला मावशी म्हणतो. उजवा पाय मांडीपासून असा वाकडा झालेला की मी दुसरीकडे पाहिलं. अँब्युलन्स आली, तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात रवाना केलं. मोटरसायकलवाला नालीच्या काठावर पडलेला. एकोणीस वर्षांचा पोरगा. अंगाला दारूचा भपकारा. बोलायला जायचा तर नुसती लाळ गळायची.

“पाहा साहेब, लोळून राह्यला कसा!”

“बारा वाजता पेऊन येते बे! माय-बाप काय करतेत घरी?”

मी काय केलं? जे दिसलं ते मानलं. पंचनामा केला, गाडी जप्त केली, पोराला गाडीत टाकलं, ठाण्यात आणून बाकावर बसवलं. लायसन नव्हतंच. नवीन कायदा लागू होऊन थोडेच महिने झाले होते, कलमांचे आकडे तोंडात बसले नव्हते. मोहररच्या, म्हणजे ठाण्यातल्या लिहिणाऱ्या हवालदाराच्या टेबलामागे जुन्या-नव्या कलमांचा तक्ता चिकटवलेला होता. परीक्षेतल्या पोरांसारखे आम्ही मान वळवून वळवून त्यात पाहायचो. निष्काळजीपणे गाडी चालवणं, गंभीर दुखापत, दारू पिऊन गाडी चालवणं. कलमं सापडली. स्टेशन डायरीत मी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘सदर इसम दारूच्या नशेत’. मेडिकलला आधी न्यायला पाहिजे हे मला माहीत होतं. पण म्हटलं, आधी कागद पूर्ण करू, केस तर साफ आहे. बसू दे त्याला, उतरेल.

वीस मिनिटं झाली असतील. चाचा पोरासमोर उकिडवे बसले होते.

“साहेब, जरा इकडे या.”

“चाचा, लिहून राह्यलो ना.”

“लिहान मंग. आधी पाहा. हा पेलेला नाई वाटत मले.”

“वास येऊन राह्यला ना!”

“वास येते. पण पेलेलं पोट्टं ठाण्यात आलं का एक तर रडते, नाई तं आपल्याले शिव्या देते. हे पोट्टं घामानं वल्लं झालं. अन् डोळे पाहा याचे, बाहुली मोहरीएवढी झाली. पाठीले हात लावून पाहा.”

मी हात लावला. शर्ट पाठीवर चिकटलेला, ओला, आणि दारूच्या वासाखालून दुसराच एक वास. आमच्या भागात लहान लेकरूही तो वास ओळखतं. औषधाचा. फवारणीचा.

“पंप गळला याच्या पाठीवर,” चाचा म्हणाले. “सकाळपासून अंगात जिरून राह्यलं. गाडी काढा साहेब.”

आणि मला विचारायच्या आत त्यांनी पोराचा शर्ट फाडून काढला, दोघा शिपायांना हाताशी घेऊन त्याला मागच्या नळाखाली बसवलं, कपड्याच्या साबणानं घासघासून धुतलं आणि आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून गाडीत घातलं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी एक नजर टाकली आणि इंजेक्शनवर इंजेक्शन सुरू केली. रक्ताचे नमुने घेतले, दारूचा वेगळा आणि विषाचा वेगळा. मग मला म्हणाल्या, “अजून तासभर बाकावर ठेवला असता तर हा तुमच्या ठाण्यात मेला असता.”

कोठडीतला मृत्यू म्हणजे काय असतं ते पोलिसवाल्याला सांगावं लागत नाही. पण त्या वेळी नोकरीचा विचार नंतर आला. आधी आठवलं ते हे, की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

पोराला यवतमाळला हलवलं. संध्याकाळी त्याची आई दवाखान्यात आली, मजुरी करणारी बाई, नवरा नाही. मला वाटलं आता रडेल, पाय धरेल. तिनं पहिला प्रश्न विचारला, “साहेब, त्या बाईचं कसं हाय? वाचते ना?” मग म्हणाली, “माहा पोरगा पेत नाई.” हे वाक्य मी वीस वर्षांत कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी मान हलवून सोडून दिलं होतं. या वेळी वहीत लिहून घेतलं.

आता प्रश्न असा होता. पोरगा पेत नाही तर दारू आली कुठून? विष चढलेला पोरगा मोटरसायकलवर बसला कसा? मोटरसायकल त्याची नव्हतीच. ती होती तो ज्याच्या वावरात कामाला जायचा त्या शेतमालकाची. आणि यावर त्या पोराचं सगळं आयुष्य अडकलं होतं. स्वतःहून पिऊन गाडी चालवणाऱ्याला कायदा ‘भान नव्हतं’ म्हणून सोडत नाही, आणि सोडूही नये. पण माणसाला नकळत किंवा त्याच्या मर्जीविरुद्ध गुंगी चढली असेल, तर कायदा वेगळं पाहतो. पण ते सिद्ध करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाला बोलावलं. गावात मान असलेला माणूस, पांढरा शर्ट, बोलणं एकदम गोड.

“साहेब, काय सांगू तुमाले. सकाळी आलं तेच पेऊन आलं. म्या म्हटलं, बापू, आज तू पंपाले हात नको लावू, घरी जा. हाकलूनच देल्लं. माहं ध्यान नोतं तं गाडी घेऊन पयालं.”

“म्हणजे काल फवारणी झालीच नाही?”

“नाई ना. काल कायची फवारणी? परवा झालती.”

“गाडीची चाबी कुठे होती?”

“गाडीलेच होती. वावरात कोण काढते साहेब चाबी?”

सगळं जुळत होतं. गोड माणसाचं सगळं नेहमी जुळतं. मी चाचांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, जसं काही ऐकतच नव्हते. मालक गेल्यावर म्हणाले, “चला साहेब, वावर पाहून येऊ. तुमी पुस्तकातले पोलीस, आमी पऱ्हाटीतले.”

दोन पंच घेतले आणि गेलो. वावरात शिरलो तर मला काय दिसणार? हिरवी पऱ्हाटी आणि गारा, म्हणजे चिखल. चाचा मात्र सरळ धुऱ्याकडे गेले. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. बाभळीखाली पाण्याची टाकी होती, औषध कालवायची बादली होती, आणि बादलीपाशी एका चपट्या दगडावर खडे ठेवलेले होते. एकाला एक लावून, ओळीत.

“मोजा.”

“अकरा.”

“अकरा पंप मारले. फवारणारा पंप भरला का एक खडा ठेवते, नाई तं इसरते. माहा भाऊबी ठेवते. दुसऱ्या दिवशी खडे फेकून नव्यानं सुरू.”

“पण हे परवाचे असतील ना चाचा. मालक तेच म्हणतो.”

चाचा हसले. “परवाच्या संध्याकाळी पाऊस कसा आलता? दगडाच्या चारी बाजूनं चिखल उडाला, पाहा. दगडावरही उडाला, वाळून बसला. खड्यावर एक तरी शिंतोडा हाय काय? खडे चिखलाच्या वर ठेवले ना बाप्पा!”

एक खडा मी उचलून पाहिला. खाली वाळलेला चिखल, खडा वरून कोरा. म्हणजे पाऊस येऊन गेल्यावरच ठेवलेला. अपघाताच्या दिवशी सकाळी. दारू पिऊन आलेल्या आणि हाकलून दिलेल्या माणसानं अकरा पंप मारले नसते. वावरातही दिसलं, पानांवर औषधाचे वाळलेले पांढरे ठिपके एका ओळीपर्यंत होते आणि पुढे कोरी पानं. परवाचं औषध पावसानं धुऊन नेलं असतं. मला नाचावंसं वाटलं! नवीन कायद्यानं जप्तीचा व्हिडिओ करावा लागतो, तो मी केला, आणि आवाज इतका चढला की त्या व्हिडिओत नुसता मीच ऐकू येतो. मालकाच्या वकिलानं नंतर कोर्टात त्यावरून माझी बरीच खिल्ली उडवली.

मालकाला परत बोलावलं. खड्यांचा फोटो दाखवला. त्यानं फोटो परत सरकवला. मग लगेच दुसरंच सांगू लागला.

“बरं, फवारलं असन साहेब. मी घरी होतो, मले काय माईत? पण दारू त्याचीच. अन् गाडी त्यानं चोरूनच नेली.”

हे असं असतं. एक दार बंद केलं की माणूस दुसऱ्यातून निघतो. तिसऱ्या दिवशी पोराला थोडी शुद्ध आली. तो म्हणाला, “चक्कर आली, वकलो, मालकानं काहीतरी पाजलं, मंग मले काई आठवत नाई.” आरोपीच्या अशा बोलण्यावर कोर्ट किती भरवसा ठेवणार? मालकाला मी दम देऊन कबूल करवलं असतं तरी उपयोग नव्हता, पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. मला पाहिजे होता पाहिलेला माणूस. निंदणाच्या बायांना विचारलं. “आमी खाल मान घालून निंदत होतो साहेब.” सगळ्यांचं एकच उत्तर. त्यांचंही चूक नाही. त्यातल्या निम्म्या त्याच मालकाच्या वावरात जायच्या.

चौथ्या दिवशी दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून फोन आला. “साहेब, ती पायाची बाई तुमाले बलावून राह्यली. म्हणते मोठ्या साहेबालेच सांगीन, दुसऱ्याले नाई.”

मावशीच्या मांडीत सळई घातलेली होती, पाय वर टांगलेला. उशाशी तिचा मुलगा उभा होता, तिशीचा. मला पाहताच त्यानं सुरू केलं.

“साहेब, त्या दारूड्याले सोडू नका. आयुष्यभर सडला पाहिजे.”

“तू बाहेर जाय,” मावशी म्हणाली.

“आई, मालक काल आलते, म्हणे आपण सारं पाहू, तुमी फक्त पोट्ट्यानं पेऊन उडवलं एवढं सांगा. तू भलतंच काई बोलू नको.”

“तू बाहेर जाय म्हटलं ना. पाय माहा मोडला, तोंड नाई मोडलं.”

मुलगा गेला. मावशीनं मला स्टूल दाखवलं.

“साहेब, मी शेजारच्या वावरात होती. पाणी प्याले धुऱ्यावर आली. पोट्टं बाभळीखाली वकून राह्यलं होतं, लटलट कापत होतं. मालक तिथंच होता. त्यानं प्लास्टिकच्या पन्नीतून दारूची शिशी काढली अन् त्याचं तोंड धरून वतली. म्या आवाज देल्ला, अहो काय पाजता त्याले? मालक म्हणे, औषध चढलं, हे पेलं का उतरते. मंग त्याले उचलून गाडीवर बसवलं, किक मालकानं मारली. म्या म्हटलं, अहो पोट्टं बसू नाई शकत, गाडी कायले देता? तुमी पोहचवून द्या ना! तं म्हणते, तू आपलं निंदण पाह्य.”

“मग तुम्ही?”

“मंग काय, पाह्यलं निंदण.” मग तिनं पुढचंही सांगितलं. “थोड्या वेळानं आमी घरी निंगालो. ते रस्त्यात पुलावर बसून व्हतं. आमी पुढं गेलो, अन् मागून आलं.”

मी लिहून घेत होतो. विचारलं, “मावशी, हे सांगून तुमचं नुकसान होईल. त्या मालकाच्या वावरात तुम्ही कामाला जाता.”

“कोणतं काम साहेब? या पायानं?” आणि हसली. खरंच हसली. “अन् ते पोट्टं माह्या पोराहून लहान हाय. त्याची माय काल आली होती इथं. दूध घेऊन. माह्या पोरानं तिले हाकललं. तिनं दूध दारात ठेवलं अन् गेली.”

मुलाला परत आत बोलावलं. मावशीनं त्याच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. सही करायच्या वेळी मावशीचा अंगठा मीच धरणार होतो. त्यानं माझ्या हातातून शाईचा डबा घेतला आणि आईचा अंगठा स्वतः लावून दिला. मावशीचा जबाब पुढे मॅजिस्ट्रेटसमोरही नोंदवून घेतला, म्हणजे उद्या कोणी फिरवायला जागा नको.

मालकाला मी तिसऱ्यांदा समोर बसवलं तेव्हा काही विचारलंच नाही. जबाब वाचून दाखवला. त्याचा गोडवा उतरला.

“घाबरलो साहेब,” तो म्हणाला. “मागं एका गावात फवारणीनं माणूस मेला तं चौकशी लागली होती. हे पोट्टं माह्या वावरात पडलं असतं तं माह्यावर आलं असतं. म्हटलं दारूचा वास आला का लोकं म्हणतीन पेलेलं होतं. घरी जाऊन पडन, मंग त्याचं तो.”

“आणि रस्त्यात कोणी मेलं असतं तर?”

तो दुष्ट नव्हता, हे मी आजही म्हणतो. दोन वर्षांपूर्वी याच माणसानं त्या पोराच्या बहिणीच्या लग्नाला आपलं अंगण दिलं होतं. पण हातमोजे, तोंडाला बांधायचं, न गळणारा पंप, यातलं काही दिलं नाही. आणि पोरगा पडतोय म्हटल्यावर त्यानं दवाखाना शोधला नाही, स्वतःचं अंग काढून घ्यायची वाट शोधली.

दोषारोपपत्र मी जीव ओतून लिहिलं. मालकावर विषारी औषधाबाबत हयगय, लायसन नसलेल्याला गाडी देणं, आणि गाडी चालवायच्या अवस्थेत नसलेल्या माणसाला गाडीवर बसवून त्या गुन्ह्याला मदत करणं. लोकांना हे माहीतच नसतं, की पिलेल्या किंवा आजारी माणसाच्या हातात चाबी देणाऱ्यालाही कायदा धरतो. पोरावरची दारूची आणि अपघाताची कलमं काढायचा अहवाल दिला. लायसन नसल्याचं कलम मात्र ठेवलं. चाचा म्हणाले, “ठेवाच साहेब. नाई तं पुन्हा बसन कोणाच्या गाडीवर.” डायरीतली पहिली नोंद खोडता येत नाही. खाली नवीन नोंद घालावी लागते. मी घातली, आणि आधीची नोंद चुकीची होती असं सरळ लिहिलं. ठाणेदार साहेबांनी वाचलं, मला आत बोलावून चांगलं झापलं, आणि मग खाली सही केली.

केस उभी राहिली तेव्हा मी नोकरी सोडलेली होती, पण साक्षीला गेलो. मावशीही आली. काठी टेकत, एक पाय ओढत. तिला धरून आणलं होतं त्या पोरानं. तो आता गॅरेजमध्ये काम शिकतो, आणि तिला कुठे जायचं असलं की येतो, असं तिच्या मुलानंच मला सांगितलं.

मालकाच्या वकिलानं तिला विचारलं, “बाई, या मुलानं तुमचा पाय मोडला. तरी तुम्ही त्याच्या बाजूनं बोलता? कोणी शिकवलं तुम्हाला?”

मावशी म्हणाली, “बाजू कायची वकील साहेब? पाय त्यानंच मोडला, ते मी पह्यलेच सांगतलं. पण त्याले गाडीवर बसवलं कोणं, तेही म्याच पाह्यलं. अर्धंच सांगू का?”

वकील खाली बसला. निकाल अजून लागायचा आहे, लागेल तो लागेल.

बाहेर आल्यावर मी मावशीला नमस्कार केला. वाकून. तिला अवघडल्यासारखं झालं. “अहो साहेब, हे काय करता, लोकं पाहून राह्यले!” पाहू दे म्हटलं. मला या केसनं काय शिकवलं विचाराल, तर हेच, की वास, गर्दी आणि घाई या तिघांच्या सांगण्यावरून मी एका पोराला गुन्हेगार ठरवून बाकावर मरायला बसवलं होतं. त्याला वाचवलं ते एका जमादारानं, जो आधी शेतकरी होता, आणि एका बाईनं, जिला त्याचा राग धरायचा पूर्ण हक्क होता. वर्दीत असताना लोक मला सलाम करायचे. मी ज्यांना करायला पाहिजे होता त्यातली एक त्या दिवशी एसटी स्टँडकडे निघाली होती, काठी एका हातात आणि दुसरा हात त्या पोराच्या खांद्यावर, आणि त्याला ओरडत होती, “हळू चाल ना बे, मले काय तुह्यासारखे दोन पाय हायेत?”